युरिक ॲसिड नॉर्मल, तरी गाऊट?

वांगीभात: परवा रात्री बाबांच्या पायाचा अंगठा असा सुजला की चादर लागलेली पण सहन होईना, रिपोर्टमध्ये युरिक ॲसिड 6.2 आलंय तरी डॉक्टर गाऊटच (युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याचा आजार) म्हणतायत, असं कसं?

जुना लंगडा: होतं असं. अटॅकमध्ये लेव्हल खाली येऊ शकते, दोनेक आठवड्यांनी परत करा. खात्रीच हवी तर सांध्यातलं पाणी काढून बघतात, सुईसारखे क्रिस्टल दिसतात.

लॅबवाली: प्युरिन म्हणजे आपल्या पेशींत आणि खाण्यात असणारा घटक, त्यापासून झँथिन ऑक्सिडेज एन्झाइम युरिक ॲसिड बनवतं, किडनीने नीट बाहेर टाकलं नाही आणि 6.8 च्या वर गेलं की क्रिस्टल धरतात. ॲलोप्युरिनॉल ही गाऊटची गोळी तेच एन्झाइम अडवते.

वांगीभात: मग डाळ बंद?

जुना लंगडा: डाळ उगाच बदनाम आहे हो! बियर, कलेजी, कोल्ड्रिंक सोडा. गोळी मात्र स्वतःहून सोडू नका, मी सोडली आणि महिन्यात परत लंगडत होतो.