धरणातला गाळ शेतात टाकण्याआधी शिसे-कॅडमियम तपासावे की नाही?

पूर्णाकाठ: उन्हाळा लागला की धरणं-तलावांतून गाळाच्या ट्रॉल्या सुरू होतात. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ पासून आहे आणि ती चांगलीच आहे. पण ज्या पाण्यात वरच्या अंगाने कारखान्याचं किंवा शहराच्या गटाराचं पाणी उतरतं, तिथला गाळ जड धातू तपासल्याशिवाय उचलू नये, असं माझं ठाम मत आहे. शिसे, कॅडमियम पाण्यात फार विरघळून राहत नाहीत, बारीक कणाला चिकटून तळाशी बसतात. वरचं पाणी नितळ दिसतं, पण माल सगळा खाली असतो. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांत जस्त-तांबं आहे, शिसे-कॅडमियम नाहीच.

केळीवाला रावेर: भाऊ, गाळ टाकला की दोन पाणी वाचतात, घड भरतो. बापजाद्यांपासून टाकतोय. आता तपासणीचं लफडं मागे लावलं तर पाऊस येईपर्यंत ट्रॉली निघायची नाही. आणि दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या राखेचं नाव निघण्याआधीच सांगतो, ते हतनूर धरणाच्या खाली आहे. राख उलटी वर चढते का?

पूर्णाकाठ: पाण्याने नाही चढत, वाऱ्याने उडते. पण मी राखेवर अडलो नाही. बापजाद्यांच्या काळी वरच्या अंगाला एवढे कारखाने कुठे होते?

धुळेकर मास्तर: दोघांनीही एक गोष्ट सोडली. आपली जमीन बेसाल्टची. या खडकात तांबं, निकेल, क्रोमियम मुळातच जास्त. धातूंच्या मर्यादेचा परदेशी तक्ता लावला तर स्वच्छ गाळसुद्धा दूषित ठरेल आणि गरीब शेतकरी विनाकारण घाबरेल. शिवाय काळी माती चुनखडीची, सामू (pH) जास्त. अशा मातीत कॅडमियम पिकाला सहज लागू होत नाही. माझा सरसकट तपासणीला विरोध आहे.

पूर्णाकाठ: मास्तर, तुलना त्याच तलावाच्या खोल थराशी करा ना. जेसीबीने खड्डा घेतला की वरचा मऊ काळा थर आणि खालचा घट्ट थर डोळ्यांना वेगळा दिसतो. खालचा जुन्या काळचा. शिसे वरच्यात चढलेलं असेल तर ते खडकातून आलेलं नाही. जपानात जिंझू नदीकाठी खाणीचं कॅडमियम भातशेतीत उतरलं, लोकांची हाडं ठिसूळ झाली. तिथेही पाणी शेतीचंच होतं.

तापीपुत्र सुरत: मी खाली तापीच्या खाडीजवळ राहतो. गोडं पाणी खाऱ्याला भिडलं की बारीक माती गोळा होऊन तिथेच बसते, धातूंसकट. उकाई धरण १९७२ पासून बराच गाळ अडवतं, म्हणून खाडीतल्या धातूंचा दोष खान्देशावर टाकणं मला पटत नाही, तो मुख्यतः आमच्याकडच्या कारखान्यांचा. पण अडलेला गाळ धरणांतच राहतो, हेही तितकंच खरं.

केळीवाला रावेर: तलावाला दोन नमुने, एक वरचा, एक खालचा, एवढंच असेल आणि खर्च योजनेतून असेल, तर माझी ना नाही. शेतकऱ्याच्या खिशातून असेल तर विरोध कायम. जिथे वरती निव्वळ जंगल अन् शेती आहे, तिथे तर नकोच.

धुळेकर मास्तर: शेती आहे म्हणून सूट नको. स्फुरदयुक्त (फॉस्फेट) खतातूनही कॅडमियम येतं.