लेट्यूसचं बी उगवेना गेलंय, मदत हवी आहे (लातूर, शेडनेट)

शेडनेट_औसारोड

नमस्कार मंडळी, लातूर-औसा रोडला आमचं दहा गुंठ्यांचं शेडनेट आहे, आजवर ढोबळी मिरची आणि काकडी घेत आलो, यंदा म्हटलं थोडं लेट्यूस करून बघावं कारण लातुरात बर्गर-सँडविचवाले लै वाढलेत आणि त्यांचा माल पुण्याहून ट्रॅव्हल्सनं येतो, येईस्तोवर पानांच्या कडा तपकिरी पडलेल्या असतात. काही जणांशी बोलणं झालंय, दिवाळीनंतर ताजा माल देतो म्हणून शब्द दिलाय. आणि इथं बीच उगवेना गेलंय.

कसं करतो ते सगळं सांगतो म्हणजे अंदाज येईल. १०४ कप्प्यांचे प्रो-ट्रे, ब्लॉकचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजवून फुगवलेलं. बोटानं खड्डा पाडून कप्प्यात एक बी, वरून कोकोपीट, झारीनं पाणी. मग ट्रे एकावर एक रचायचे, काळ्या मल्चिंग पेपरनं गुंडाळून ठेवायचे, मोड दिसले की मोकळे करायचे. मिरची, टोमॅटो, झेंडू सगळी रोपं आमच्याकडं अशीच होतात, कधी तक्रार नाही. लेट्यूसला मात्र एका ट्रेत दहा-बारा रोपं, तीबी पिवळी आणि दोऱ्यासारखी लांबलेली. बी दोन प्रकारचं आहे. हिरवं, कुरळ्या पानाचं, दुकानातून सीलबंद आणलेलं, तारीख चालू आहे. लाल पानाचं ऑनलाईन मागवलं, ते साध्या झिपच्या पिशवीत आलं, वर तारीख नाही, काहीच नाही. लालचं तर एकबी उगवलं नाही.

पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) १४०० च्या वर दाखवतोय. सध्या दिवसा ३२-३३ जातंय, रात्री जरा गारवा सुटायला लागलाय. दुकानदार म्हणतो बी चांगलंय, तुमचं पाणी खराब. शेजारचे काका म्हणतात हे थंड मुलखाचं पीक, मराठवाड्यात येतच नसतंय, नाद सोड. मला नाद सोडायचा नाही पण बी लै महाग पडतं, असंच वाया घालत बसणं परवडत नाही. नेमकं कुठं अडतंय ते कुणी सांगेल का?

गच्चीतली_भाजी (नांदेड)

दादा, मी गच्चीवर ग्रो बॅगमध्ये लावते, मोठ्या शेतीचं मला कळत नाही पण एक सांगते, मुंग्या बघा. लेट्यूसचं बी इतकं हलकं असतं की मुंग्या रात्रीतून उचलून नेतात, आपल्याला वाटतं उगवलं नाही आणि कप्पा रिकामाच असतो. मी स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवते, तेव्हापासून बंद झालं. आणि धने उन्हाळ्यात उगवत नाहीत तेव्हा मी रात्रभर कोमट पाण्यात भिजवते, तसं करून बघा की.

रोपवाटिका_जालना

ताईंचं मुंग्यांचं बरोबर आहे, ते आधी बघाच. पण ताई, लेट्यूसला कोमट पाणी नका सांगू, धन्याचं वेगळं. धन्याला जाड टरफल असतं, याचं बी म्हणजे बडीशेपेच्या दाण्याहूनबी बारीक, एका ग्रॅममध्ये हजाराच्या आसपास बसतं, ते रात्रभर पाण्यात बुडवलं तर हवा मिळत नाही. आणि गरम तर त्याला अजिबातच चालत नाही.

दादा, एक काम करा. न उगवलेले चार-सहा कप्पे हळूच उकरा, बी सापडतंय का बघा. सापडलं तर नखावर घेऊन अलगद दाबा. पिचकून आतून पाणी निघालं, वास आला, तर बी सडलं. फुगलंय पण दाबल्यावर घट्ट लागतंय, साल सरकली की आत पांढरंशुभ्र आहे, तर बी जिवंत आहे. आणि सापडलंच नाही तर मुंग्या. या तिन्हीचे उपाय वेगवेगळे आहेत म्हणून हे केल्याशिवाय कुणी काही सांगू नये असं माझं मत.

शेडनेट_औसारोड

आत्ताच उकरून आलो. हिरव्याचं जवळजवळ प्रत्येक कप्प्यात सापडलं, फुगलेलं, घट्ट, आतून पांढरं. लालचं सापडलं पण बोटानं दाबलं की पीठ होतंय. मुंग्या कुठं दिसल्या नाहीत.

परभणी_हॉर्टी

मी इथं परभणीला कृषी विद्यापीठात शिकतोय, उद्यानविद्या. तुमचं वाचून मला वाटतं पाणी हे दुय्यम कारण आहे, मुख्य कारण ते मल्चिंग पेपरचं गुंडाळणं.

लेट्यूसचं बी १५ ते २० अंशाला सगळ्यात चांगलं उगवतं. २५ च्या वर गेलं की जातीनुसार अडायला लागतं आणि ३० च्या पुढं बऱ्याच जाती पाणी पिऊन फुगतात आणि तिथंच थांबतात, तुम्हाला दिसलं तसंच. बी मेलेलं नसतं. उष्णतेत बियाच्या आत ॲबसिसिक ॲसिड, म्हणजे उगवण रोखून धरणारं संप्रेरक, जास्त राहतं, कोंबाभोवतीचा पातळ थर मऊ पडत नाही आणि मूळ बाहेर येत नाही. हे पीक मूळचं भूमध्य समुद्राच्या बाजूचं, तिकडं उन्हाळा कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात, म्हणजे गरमीत एखादी सर आली म्हणून बी उगवलं तर रोप वाळूनच जाणार. म्हणून गारवा लागेपर्यंत थांबायचं हे त्याच्या अंगातच आहे. मिरचीचं बरोबर उलटं, तिला २५ ते ३० ची ऊब लागते, म्हणून ट्रे रचून झाकायची पद्धत तिला मानवते.

दुसरं म्हणजे उजेड. लेट्यूसच्या कितीतरी जातींना उगवायलाच उजेड लागतो. १९५२ साली अमेरिकेत बेल्ट्सव्हिलच्या सरकारी संशोधन केंद्रात ग्रँड रॅपिड्स या लेट्यूसच्याच बियावर प्रयोग झाला होता, लाल प्रकाश दिला की बी उगवायचं, त्यानंतर लगेच अतिलाल (लालच्या पलीकडचा, डोळ्याला जेमतेम दिसणारा) दिला की थांबायचं, परत लाल दिला की परत उगवायचं. पुढं फायटोक्रोम, म्हणजे झाडाला उजेड ओळखू देणारं रंगद्रव्य, सापडलं ते याच कामातून. आम्हाला हा प्रयोग अभ्यासाला आहे, त्यामुळं लेट्यूस म्हटलं की मला आधी उजेडच आठवतो. तर गरमी आणि अंधार एकाच वेळी मिळाला की ज्या जाती नुसत्या गरमीत थोड्याफार उगवल्या असत्या त्याही बसतात. जी दहा-बारा आली ती अंधारात वाढली म्हणून पिवळी आणि लांब.

एक विनंती, दुपारी अडीच-तीनला त्या थप्पीच्या मधल्या ट्रेत थर्मामीटर खोचून बघा आणि सांगा.

शेडनेट_औसारोड

सर, ३७ दाखवलं. बाहेर शेडनेटमध्ये तेव्हा ३२ होतं. हे कधी मोजायचं सुचलंच नसतं, मिरचीला कधी गरज पडली नाही. पण आता मला सांगा, जे बी फुगून बसलंय ते थंडीत नेलं तर उगवेल का, का टाकून देऊ?

परभणी_हॉर्टी

सर नका म्हणू, विद्यार्थी आहे अजून. काही उगवेल, सगळं नाही. थोडा वेळ गरमी लागली असेल तर गारव्यात आणल्यावर बी पुढं सरकतं. पण ओलं बी बरेच दिवस गरमीत राहिलं की ते गाढ झोपेत जातं, मग नंतर थंडी दिली तरी लवकर उठत नाही. ट्रे टाकू नका, गारव्यात ठेवून द्या, आलं तर आलं, पण त्याच्या भरवशावर राहू नका, नवीन टाका.

आणि टाकायच्या आधी घरीच उगवण तपासा. स्टीलच्या डब्यात टिश्यू पेपर ओला करून, निथळून, त्यावर मोजून बिया ठेवा, झाकण अर्धवट. एक डबा शेडनेटमध्ये सावलीत आणि एक घरातल्या सगळ्यात गार जागी. गारेतला उगवला आणि शेडनेटमधला नाही तर बियाबद्दल शंकाच राहणार नाही. पाकिटावर छापलेली उगवणक्षमता प्रयोगशाळेत २० अंशाला तपासलेली असते, म्हणजे पाकिटावरचा आकडा खरा आणि तुमच्या ट्रेतला पण खरा, असं होऊ शकतं. लालचं मात्र बीच जुनं दिसतंय. लेट्यूसचं बी दमट आणि गरम जागी लवकर जीव सोडतं. ज्या पाकिटावर लॉट नंबर, चाचणीची तारीख, वैधता काहीच नाही असलं बी घेऊ नये, कितीही स्वस्त असलं तरी.

रोपवाटिका_जालना

पोरानं बरोबर सांगितलं. आता करायचं कसं ते मी सांगतो, आम्ही लेट्यूसची रोपं संभाजीनगरच्या पार्टीला करून देतो त्यामुळं हाताखालचं आहे.

बी संध्याकाळी टाका. सकाळी टाकलं तर बी पाणी पिऊन तयार व्हायला आणि दुपारचं ऊन चढायला एकच गाठ पडते. ऊन उतरल्यावर टाकलं की पहिले महत्त्वाचे तास रात्रीच्या गारव्यात जातात. तुम्ही बालाघाटच्या पठारावर आहात, तुमच्याकडं रात्र आमच्या मानानं लवकर गार होते, त्याचा फायदा घ्या. कोकोपीट आदल्या दिवशी दोन-तीन पाण्यानं धुऊन निथळून घ्या, ब्लॉकमध्ये मीठ असतं. मुठीत दाबलं तर बोटांतून एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. ट्रे भरून आधी ओला करा, बी वरच ठेवा, खड्डा पाडू नका, आणि वरून चाळलेलं कोकोपीट नाहीतर व्हर्मिक्युलाईट (भाजून फुगवलेलं हलकं खनिज) नुसतं भुरभुरा, बी अर्धंमुर्धं दिसलं पाहिजे. खोल गेलं की उजेडबी नाही आणि वर यायला ताकदबी नाही. नंतर झारी नको, फवारणीच्या पंपाचं बारीक नोझल वापरा, नाहीतर बी वाहून कोपऱ्यात जातं.

ट्रे रचायचे नाहीत, एकेरी मांडायचे. गावात कुणाचं जुनं माळवदाचं घर आहे का? असेल तर त्यापेक्षा चांगली जागा नाही. जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं, दुपारीसुद्धा आत गार. दाराजवळ उजेड येईल अशा जागी जमिनीवर ट्रे ठेवा, सभोवती ओली गोणपाटं टांगा, वरून झाकू नका. रोज सकाळ-संध्याकाळ बघायचं. पांढरं मूळ दिसलं, की त्याच दिवशी ट्रे शेडनेटमध्ये हलवायचे, उद्यावर ढकलायचं नाही. एक रात्र जरी उशीर झाला तरी रोप उजेडाकडं मान लांब करतं आणि मग ते सुधरत नाही.

पाण्याचं दुकानदार अगदीच खोटं बोलला नाही. १४०० टीडीएसवर लेट्यूस नाखूश राहणारच, पाचशे-सहाशेच्या आत असलं तर बरं. तुमच्या लातूरनं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय, तिथं गोड पाणी पिकाला द्या म्हणायला मला जड जातं, पण रोपं होईपर्यंत ट्रेला लागतं किती? घराच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवलं असेल तर ते द्या, नाहीतर जारचं आणि बोअरचं मिसळून द्या.

गच्चीतली_भाजी (नांदेड)

मला पण आत्ता कळलं माझं फेब्रुवारीतलं का उगवत नव्हतं. दादा, माझ्याकडं माळवद नाही पण मी डबा फ्रीजच्या सगळ्यात खालच्या भाजीच्या कप्प्यात एक-दोन दिवस ठेवून बघते, मग बाहेर काढून ट्रेत लावते. चालेल ना?

परभणी_हॉर्टी

चालेल ताई, ओल्या बियाला तशी थंडी दिली की अडलेलं बी मोकळं होतं, प्रयोगशाळेतही करतात. फक्त वरच्या बर्फाजवळ नको, आणि मूळ लांब होऊ देऊ नका, उचलताना तुटतं. चिमट्यानं नाही तर ओल्या काडीच्या टोकानं उचला.

शेडनेट_औसारोड

मंडळी, कळवायला उशीर झाला, दिवाळीची गडबड होती. आमच्या आत्याचं गावात माळवदाचं घर आहे, ती म्हणाली ठेव बाबा ट्रे, तेवढीच हिरवळ. दुपारी तिथं आत २५-२६ होतं, पहाटे १९. हिरव्याचे मोड तिसऱ्या दिवशी दिसायला लागले आणि पाचव्यापर्यंत शंभरात ऐंशीच्या वर कप्पे भरले. एक ट्रे मुद्दाम तिथंच काळ्या कागदाखाली ठेवला होता, त्यात निम्मीसुद्धा आली नाहीत, म्हणजे उजेडाचं म्हणणं माझ्या बियाला तरी लागू आहे. एक ट्रे नुसत्या बोअरच्या पाण्यावर ठेवलाय, त्यात उगवली पण पानांच्या कडा जरा करपल्यासारख्या वाटतात. शेजारच्या काकांना आणून दाखवलं, बघत राहिले, आणि चार रोपं घरच्या कुंडीला घेऊन गेले. लाल बी डब्यात गारेतसुद्धा उगवलं नाही, विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही.

आता पुढचं विचारतो, लावणी कधी करू आणि किती दिवस हे चालेल आपल्याकडं?

रोपवाटिका_जालना

लै भारी. चार-पाच पानांवर लावा, संध्याकाळी लावा, आणि मधला पोगा मातीत गाडू नका, कप्प्यातलं कोकोपीट वाफ्याच्या मातीच्या किंचित वरच राहू द्या, नाहीतर बुडाशी सडतं. काळ्या मातीत पाणी तुंबतं म्हणून गादीवाफा उंच घ्या. सगळं एकदम लावू नका, तुम्हाला रोज थोडा माल द्यायचाय ना, मग दर आठ-दहा दिवसांनी थोडे थोडे ट्रे टाकत चला. पानाचं लेट्यूस लावणीपासून दीड महिन्याच्या आसपास काढणीला येतं, त्यात ट्रेतले रोपाचे दिवस धरून शेवटचं बी डिसेंबरच्या मध्यापर्यंत टाका. मार्चचं ऊन तापलं की फुलाचा दांडा वर काढतं आणि पान कडू होतं, मग गिऱ्हाईक एकदा बोंबललं की परत येत नाही. तुमच्या बर्गरवाल्यांना आत्ताच सांगून ठेवा की माल मार्चच्या सुरुवातीपर्यंतच मिळेल.

शेडनेट_औसारोड

सांगतो आजच. लाल जातीचं नवीन पाकीट जालन्याहून मागवतोय, लॉट नंबर आणि तारीख बघून. आलं की आधी डब्यात तपासतो आणि आकडा इथंच टाकतो.