१/६ चा टी-५५ बांधतोय, वळला की चेन उतरते, काय करू?

माळावरचा_रणगाडा

नमस्कार मंडळी. गेले सात महिने घरच्या शेडमध्ये टी-५५ रणगाड्याचं मॉडेल बांधतोय, १/६ स्केलमध्ये. खऱ्या टँकचा हल म्हणजे धड साधारण साडेसहा मीटरचा, म्हणजे माझा १०७ सेंमी भरतो आणि रुंदी ५५ च्या आसपास. हल १२ एमएम प्लायचा, चाकं नायलॉनची, गावातल्या लेथवाल्याकडून १३५ एमएमची टर्न करून घेतली, आणि ट्रॅक म्हणजे चेन थ्रीडी प्रिंटरवर, पीईटीजी प्लास्टिकमध्ये. एका बाजूला ९० कड्या, दोन बाजूंच्या १८०, एका कडीला पाऊण तास. घरचे म्हणत होते प्रिंटर आहे का पिठाची गिरणी, रात्रंदिवस घरघर चालूच. मोटर दोन, ई-स्कूटरच्या २४ व्होल्ट २५० वॅट गिअरवाल्या, मोटर ड्रायव्हर ३० अँपचा ड्युअल, रिमोट सहा चॅनेलचा साधा. बॅटरी धरून वजन ४५ किलो.

सरळ झकास पळतो. पण जागेवर फिरवला की दोनतीन गिरक्यात मागच्या दातेरी चाकावरून चेन उतरते, आणि गंमत म्हणजे दरवेळी जी बाजू उलटी फिरत असते तिचीच उतरते. टेन्शन वाढवून बघितलं, चेन तारेसारखी ताणली तर मोटर गरम आणि तीन पिना वाकल्या. तिकडे माझे चुलते खाटेवर बसून हसतात. ते सैन्यात आर्मर्डमध्ये टँकचे ड्रायव्हर होते, टी-५५ च चालवायचे, म्हणूनच हे मॉडेल घेतलं. ते म्हणतात "आमचा टँक असा भिंगरीसारखा कधी फिरलाच नाही बाबा." मला कळंना की मस्करी करतायत का काही सांगतायत.

दुसरं, माझा मित्र शर्मन टँक बांधतोय, दोघांचे झाले की लढाई लावायची आहे. गोळी कशी मारायची त्यावर पण सांगा.

बेअरिंग_६२०२

अरे भावा काकांचे पाय धर आधी. मस्करी नाही, त्यांनी तुझा फॉल्ट सांगून टाकलाय.

टी-५५ ला जागेवर फिरणं येतच नाही. त्याला दोन्ही बाजूंना दोन टप्प्यांचे प्लॅनेटरी गिअर असतात, लिव्हर थोडा ओढला की त्या बाजूचा वेग कमी होतो, पूर्ण ओढला की ती बाजू ब्रेकला थांबते आणि टँक थांबलेल्या चेनवर वळतो. एक चेन पुढे एक मागे हा प्रकार त्या गिअरबॉक्समध्ये नाहीच. तू केलेला प्रकार तुझ्या रिमोटच्या मिक्सिंगचा (एकाच दांडीने दोन्ही मोटर चालवण्याचा) आहे.

आता तुझी चेन का उतरते ते बघ. टी-५५ ला ड्राइव्ह मागे. पुढे जाताना दातेरी चाक जमिनीवरची चेन ओढतं, खालची बाजू ताठ आणि ढील वर चाकांवर पडून राहते, तिथे तिचं काही बिघडत नाही. तीच बाजू उलटी फिरवली की ओढ वरून, पुढच्या आयडलरला (बिनमोटरच्या चाकाला) वळसा घालून येते, आणि सगळी ढील शेवटचं चाक आणि दातेरी चाक यांच्यामध्ये खाली जमा होते. त्यात तू आडवा घासत वळतोयस, मग ढिली चेन दातावर तिरकी चढणार नाही तर काय. म्हणून उलटी बाजूच उतरते, नेहमी मागेच. ताणून उपाय होत नाही, ताणल्याने मोटरची वीज नुसती घर्षणात जाते. या टँकला वर रोलर नसतात त्यामुळे वरची चेन मधल्या चाकांवर टेकलेलीच दिसली पाहिजे, तारेसारखी दिसली तर समज चूक केलीस.

आयडलर पण चेक कर. १२ एमएम प्लाय आहे, ओढ आली की एक्सल आत झुकतो. गवंडी धरतो तशी दोरी धर दातेरी चाकापासून आयडलरपर्यंत, मग एका माणसाला चेन हाताने ओढायला लाव. दोरीपासून २ एमएम जरी हललं तर आतून एल अँगल टाक. आणि कडीच्या मधली शिंगं, जी दुहेरी चाकांच्या फटीतून जातात, ती किती उंच ठेवलीस?

माळावरचा_रणगाडा

शिंगं ६ एमएम 😬 प्रिंट लवकर व्हावं म्हणून. आयडलर अजून बघितला नाही, लाइट गेली.

बेअरिंग_६२०२

६ म्हणजे नावालाच. फटीत मावतील तेवढी, १४-१५ कर आणि बाजू उतरत्या ठेव म्हणजे चुकलेली कडी परत सरकून आत येईल. १८० कड्या परत छापू नकोस, शिंगं वेगळी छापून स्क्रूने बसव.

चिखलवाट_एनजे

मी न्यू जर्सीला असतो, मूळचा सांगलीचा. माझ्याकडे शर्मन आहे, १/६ च, ९७ सेंमी. मोटरचा हिशोब सांगतो कारण सगळे इथेच फसतात, मी पण फसलो होतो. टँक सरळ न्यायला जोर फार लागत नाही, वळवायला लागतो. तुझ्या टी-५५ ची जमिनीवर टेकणारी चेन ६४ सेंमी आणि दोन चेनमधलं अंतर ४४. वजन ४५ किलो धरलं तर जागेवर फिरवायला प्रत्येक चेनला साधारण ११-१२ किलोची ओढ लागते, कोरड्या कडक जमिनीवर, गवतात अजून. तुझी मोटर गिअर धरून तीनशेच्या आसपास आरपीएम देते, १२ सेंमीच्या दातेरी चाकावर थेट बसवली असशील तर तिची दमदार ओढ १३ किलोच्या आसपास. म्हणजे काठावरच चाललंय, म्हणून गरम होते. मध्ये २:१ चेनस्प्रॉकेट टाक, म्हणजे मोटरचे दोन फेरे आणि दातेरी चाकाचा एक. ताशी पावणेसात किमी ऐवजी साडेतीनवर येईल. आता म्हणशील हळू झाला, तर खरा टँक ५० ने जातो, त्याचा सहावा भाग आठ किमी, पण अंगणात ४५ किलोचं धूड त्या वेगाने कुणाच्या घोट्यावर गेलं तर हॉबी संपली. आणि रिमोट बंद करून एकदा बघ टँक थांबतो का. फेलसेफ (सिग्नल तुटला की थांबवणारी सेटिंग) सेट केलेला नसेल तर शेवटची कमांड धरून पळत सुटतो, माझा एकदा शेजाऱ्याच्या कुंपणातून आरपार गेलाय.

गोळीचं म्हणशील तर इकडे अमेरिकेत १/६ वाले टँकमध्ये पेंटबॉल गन बसवून मैदानात लढतात, बघायला जाम मजा येते, पण गॅसची टाकी, गॉगल, बघ्यांना लांब ठेवणं हा सगळा व्याप आहे. मी तुला इन्फ्रारेडच सांगेन. तामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या १/१६ टँकांमध्ये हे वर्षानुवर्षं चालतं, हलका टँक तीन हिटमध्ये गेला, मध्यम सहा, जड नऊ, आणि मार बसत गेला की टँक मंदावतो. तुला एक इन्फ्रारेड एलईडी बॅरलमध्ये, ३८ किलोहर्ट्झवर, आणि टरेटवर (वरच्या फिरत्या घुमटावर) चार बाजूंना टीव्ही रिमोटवाले रिसीव्हर. दुपारच्या उन्हात नीट पकडत नाही, संध्याकाळी लढा.

सोल्डर_काकू

पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाच्या आसपास हे सगळं सुटं मिळतं, मुंबईत लॅमिंग्टन रोड. बॅटरी आणि ड्रायव्हरच्या मध्ये फ्यूज टाकलाय का? त्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून विचारतेय. फ्यूज आणि बाहेरून उपटता येईल अशी एक लाल पिन. चेन अडकली आणि ड्रायव्हर शॉर्ट झाला तर रिमोट हातात धरून नुसतं बघत बसाल. आणि रिमोटच्या दांड्यांचं एक, मिक्सिंग काढून दोन दांड्या दोन चेनला द्या, खऱ्या लिव्हरसारखं. डाव्या दांडीला उभ्यात स्प्रिंग नसते, रिमोट उघडून बसवावी लागते, पाच मिनिटांचं काम आहे.

आणि अहिल्यानगरला टँक म्युझियम आहे तिथे एकदा जाऊन या, सेंचुरियन, पॅटन, विजयंता सगळे उभे आहेत. चेन कशी लोंबते ते फोटोत कळत नाही हो, बाजूला उकिडवं बसून बघावं लागतं. आमचे चिरंजीव तिथे तासभर सेंचुरियनच्या चाकांसमोरून उठायलाच तयार नव्हते.

माळावरचा_रणगाडा

अपडेट देतो, तीन आठवडे झाले. आयडलर खरंच वाकत होता, ४ एमएम. अँगल टाकला, शिंगं १४ ची केली, २:१ लावलं, फ्यूज पिन दोन्ही झालं (काकू थँक्यू, आधी नव्हता). मिक्सिंग काढून दोन दांड्या केल्या आणि रिमोट सरळ काकांच्या हातात दिला.

त्यांनी आधी काही विचारलंच नाही. दोन्ही अंगठे दांड्यांवर ठेवले, हळू पुढे नेला, मग डावी जराशी मागे घेतली, सोडली, परत घेतली, सोडली, असं टप्प्याटप्प्याने वळवत ऊसाच्या बांधापर्यंत नेऊन आणला. चेन जागची हलली नाही. मी एका दमात वळवायला जायचो तिथेच चुकत होतं.

मग चहा घेता घेता टँकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सायलेन्सर उजवीकडं कुणी लावला? आमचा डाव्या अंगाला होता." बसवून रंग मारून दोन महिने झालेत त्याला. उद्या कापतो.