रसवंतीवरच्या मधमाश्या
‘किड्यांचं खाणं सगळं उपजत, शिकणं-बिकणं काही नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. गोडाची ओढ उपजत, एवढं मान्य. पण आमच्या सोलापुरात घराजवळ एक रसवंती आहे. चरक दहाला सुरू होतो. मधमाश्या पावणेदहालाच घिरट्या घालायला लागतात. परवा दुकान बंद होतं, तरी आल्या, ताडपत्रीवर बसल्या आणि गेल्या. बिचाऱ्या!

मधमाश्यांचे अभ्यासक कार्ल फॉन फ्रिश यांनी निळ्या कागदावर साखरपाणी देऊन माश्यांना सवय लावली. नंतर करड्या कागदांच्या गर्दीत त्या रिकाम्या निळ्यावरच उतरल्या. त्यांची विद्यार्थिनी बेलिंग हिने १९२९ मध्ये वेळेचंही दाखवलं: रोज ठरावीक वेळी खाऊ घातलं, तर बशी रिकामी असली तरी माश्या त्याच वेळेला हजर.