गोव्यातल्या खाणींचे पोर्तुगीज काळातले दस्त: घेताना काय पाहावं?

डिचोलीवाला:
लोहखनिजाच्या कन्सेशनचे, म्हणजे पोर्तुगीज सरकारने दिलेल्या खाण-हक्काचे, कागद विकायला आलेत. १९५३ चं टायटल (हक्काचा मूळ दस्त), त्याला टाचलेला निळा नकाशा आणि १९५९ चं खरेदीखत, सगळं पोर्तुगीजमध्ये. टाचण्या गंजल्यात. नुसतं टायटल स्वस्तात मिळतंय. खरं-खोटं कसं ओळखायचं, आणि पावसाळ्यात टिकवायचं कसं?

दफ्तरी:
सुटं टायटल घेऊ नका. नकाशा आणि खरेदीखत गेलं की खाण कुठे होती आणि कोणाकडून कोणाकडे गेली हे कळायचा मार्गच बंद. विक्रेते संच फोडतात कारण तुकड्यांचे जास्त पैसे होतात.
टायटलवर क्रमांक, तिरकी रेघ आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. तुमच्याकडे '/५३' हवं. तोच क्रमांक खरेदीखतात आला पाहिजे. मग शिक्क्याच्या कागदाची (स्टॅम्पपेपरची) छापील किंमत बघा. गोव्यात १९५९ मध्ये रुपिया हे चलन जाऊन एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपिया. त्यामुळे १९५३ च्या कागदावर मूल्य रुपिया-टांग्यांत (टांगा म्हणजे रुपियाची सुटी नाणी) हवं. एस्कुदो दिसला तर व्यवहार थांबवा. कागद उजेडासमोर धरून जलचिन्हही पाहा.

कागदवेडा:
टाचणी ओढू नका, गंज धरलेला कागद तिथेच फाटतो. पॉलिएस्टरची पातळ पट्टी टाचणीच्या दोन्ही बाजूंनी कागद आणि धातूच्या मध्ये सरकवा, मग टाचणी हलवा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन नको. ते पुन्हा निघत नाही.
निळा नकाशा वेगळा ठेवा. तो खरा ब्लूप्रिंट असेल तर अल्कलीने निळा रंग उडतो, म्हणून चुन्याचा अंश मिसळलेला 'बफर्ड' कागद त्याला चालत नाही, साधा आम्लमुक्त घ्या. बाकीचे दस्त बफर्डमध्ये चालतील. पीव्हीसीचे पाउच नकोत, पॉलिएस्टरचे घ्या. पेटीत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक, आकडा ५० टक्क्यांच्या आसपास. डांबरगोळ्या टाकू नका.

डिचोलीवाला:
विक्रेता म्हणतो, यावर खाणीचा हक्कही सांगता येतो.

दफ्तरी:
थाप आहे. १९०६ च्या पोर्तुगीज खाणकायद्याखालची कन्सेशनं १९८७ च्या कायद्याने रद्द झाली आणि त्यांचे भाडेपट्टे ठरवले गेले, तेही मागच्या तारखेने, २० डिसेंबर १९६१ पासून. हक्काच्या नावाखाली जास्त पैसे देऊ नका.
कागदावर सरकारी आवक क्रमांक किंवा कचेरीचा फायल नंबर असेल तर तो तिथून बाहेर कसा आला हे आधी विचारा. पणजीच्या पुराभिलेख खात्यात दाखवून घेतलेलं बरं. ऐतिहासिक मोलाचा दस्त ७५ वर्षांचा झाला की पुरावस्तू ठरतो, आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. तुमचं टायटल त्या वयाच्या उंबरठ्यावरच आहे, परदेशी गिऱ्हाईक धरून घेत असाल तर आत्ताच विचार करा.