जर्मनीत मास्टर्स : खासगी विद्यापीठातली पक्की जागा घ्यावी की सरकारीसाठी थांबावं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

भाचीच्या शिक्षणाबद्दल सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना नेमकं सांगता येईल.

भाची सांगलीजवळच्या कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनिअर झाली. सीजीपीए ७.८. एक बॅकलॉग होता, तो पुढच्याच सत्रात सुटला. सध्या चाकणला सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. दाजी एसटीच्या डेपोत मेकॅनिक, निवृत्ती जवळ आली आहे. ताई घरी शिवणकाम करते. पोरीची बाहेर शिकायची इच्छा कॉलेजपासूनची आहे आणि तिच्यात ती धमक आहे, हे मी मामा म्हणून नाही, तिचं काम बघून सांगतोय.

आधी अमेरिकेचं डोक्यात होतं. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-वन-बीच्या (तिथे नोकरीसाठी लागणारा व्हिसा) नव्या अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागलं आणि दाजींनी तो विषयच मिटवला. कॅनडाने जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली, खात्यात दाखवायची रक्कमही १० हजारांवरून २०,६३५ डॉलर केली. ऑस्ट्रेलियाची व्हिसा फी जुलै २०२४ पर्यंत ७१० डॉलर होती, ती १,६०० झाली आणि वर्षभरात २,०००. इंग्लंडमध्ये शिक्षणानंतर दोन वर्षं राहता येतं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या मुलांना दीडच वर्ष मिळणार. फिरून फिरून जर्मनीवर आलो. आमच्यासारखे बरेच तिकडे वळलेत हे उघड आहे. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात तिथे आपली ४९ हजारांवर मुलं होती, चिनी विद्यार्थ्यांपेक्षाही जास्त.

आता खरा प्रश्न. पुण्यातल्या एका एजन्सीने तिला बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठाचं ऑफर लेटर आणून दिलंय. फी वर्षाला साडेबारा हजार युरो, कोर्स दोन वर्षांचा, सत्र एप्रिलपासून. जर्मन येण्याची गरज नाही, 'तिकडे गेल्यावर आपोआप येतं' असं सांगितलं. पहिला हप्ता या महिनाअखेर भरायचा, नाहीतर जागा जाते म्हणे. एपीएस प्रमाणपत्र (पदवीची कागदपत्रं खरी असल्याचा, जर्मन व्हिसासाठी लागणारा दाखला) तिने आधीच काढून ठेवलंय. त्याशिवाय राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे आधी भरून ठेवायचे आणि दरमहा ठरावीकच काढता येतात अशा खात्यात. फी आणि हे मिळून हिशेब ३७ लाखांच्या पुढे जातो. बँक घर तारण मागतेय. ते घर दाजींनी ओव्हरटाइम करून बांधलंय.

एक गोष्ट मला खटकली. ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'काही विषय ऑनलाइन आणि मिश्र पद्धतीने शिकवले जातील' असं छापलंय. एजन्सीला विचारलं, तर 'कोविडनंतर सगळीकडे तसंच असतं' एवढंच उत्तर मिळालं.

सरकारी विद्यापीठांत फी नसते हे ऐकून आहे. मग एजन्सी तिकडचं नावच का काढत नाही? तिच्या मार्कांवर तिकडे मिळेल का? आणि थांबायचं म्हटलं तर वर्ष वाया जाईल का? ताई रोज फोन करून विचारते आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. कृपया अनुभव असलेल्यांनी लिहा.

– कृष्णाकाठ

प्रतिसाद : राईनकाठचा

पहिला हप्ता भरू नका. बाकी सगळं नंतर बोलू, आधी एवढं करा.

ते तिसरं पान तुम्ही वाचलंत हे फार बरं झालं. विद्यार्थी व्हिसा प्रत्यक्ष वर्गात बसून शिकण्यासाठी मिळतो. अभ्यासक्रम ऑनलाइन किंवा मिश्र पद्धतीचा आहे असं परदेशी नागरिक कार्यालयाला वाटलं, तर परवाना अडतो. २०२५ मध्ये बर्लिनमधल्या एका खासगी विद्यापीठातल्या आपल्या मुलांवर नेमकी हीच वेळ आली. फी भरून, कर्ज काढून आलेल्या मुलांना देश सोडायला सांगितलं. कार्यालय 'कोविडनंतर सगळीकडे असतं' हे ऐकून घेत नाही.

एजन्सी सरकारी विद्यापीठाचं नाव का काढत नाही, त्याचं कारण सरळ आहे. खासगी विद्यापीठ प्रत्येक प्रवेशामागे एजन्सीला कमिशन देतं. सरकारी विद्यापीठ देत नाही.

बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठात शिक्षणशुल्क नाही. दर सत्राला काही शे युरोंचं सत्रशुल्क असतं, त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पासही येतो. अपवाद सांगून ठेवतो, नाहीतर नंतर धक्का बसेल. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात (स्टुटगार्ट, कार्ल्सरुह तिथलेच) युरोपबाहेरच्या मुलांना सत्राला १,५०० युरो आहेत, २०१७ पासून. आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्राला ४,००० ते ६,००० युरो सुरू केलेत.

मार्कांचं म्हणाल तर घाबरू नका. इथे आपले मार्क बव्हेरियन सूत्राने बदलून घेतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्याला कमाल आणि पास होण्याच्या गुणांमधल्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. कमाल १० आणि पास ४ ला असेल तर तिचे ७.८ म्हणजे २.१ होतात. बऱ्याच कोर्सना २.५ किंवा त्याहून चांगले लागतात, आणि इथे आकडा जितका लहान तितका चांगला. खरी परीक्षा विषयांच्या जुळणीची असते. विद्यापीठ तुमचा पदवीचा अभ्यासक्रम घेऊन बसतं : थर्मोडायनॅमिक्स किती, गणित किती, मटेरियल्स किती. म्हणून तिला आजच कॉलेजातून सगळ्या सत्रांचा शिक्क्यासह अभ्यासक्रम आणायला सांगा. बरेच अर्ज विषय कमी पडल्यामुळे बाद होतात, मार्क चांगले असूनही.

अर्ज बहुतेक यूनी-असिस्टमधून जातात (बऱ्याच विद्यापीठांसाठी परदेशी मुलांचे अर्ज तपासणारी संस्था). पहिल्याला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे सात-आठ ठिकाणी अर्ज करूनही खर्च तीनशे युरोंच्या आतच. आणि तुम्ही म्हणता तसं वर्ष जात नाही. ऑक्टोबरच्या सत्राला बऱ्याच ठिकाणी १५ जुलै ही शेवटची तारीख असते, काही ठिकाणी मार्च किंवा मे. एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिन्यांचाच फरक आहे.

प्रतिसाद : पेठेतली मास्तरीण

जर्मन शिकवते म्हणून भाषेबद्दलच लिहिते. ती 'आपोआप' येत नाही हो. इंग्रजीतून मास्टर्स करणारी मुलं दिवसभर इंग्रजीतच बोलतात, खोलीवर मराठी-हिंदी. दोन वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीला बसतात तेव्हा समोरचा माणूस शॉप फ्लोअरवर जर्मनमध्ये बोलतो आणि मूल गप्प. मेकॅनिकलला तर हे फारच जाणवतं, कारण काम कारागिरांबरोबर असतं.

शिवाय सध्या तिथला वाहनउद्योग स्वतः अडचणीत आहे. फोक्सवागनने डिसेंबर २०२४ मध्ये २०३० पर्यंत ३५ हजार पदं कमी करायचा करार केला, बॉशने २०२५ मध्ये आणखी १३ हजार पदांची कपात जाहीर केली. अशा वेळी जर्मन येणाऱ्या मुलीला आणि न येणाऱ्या मुलीला सारखी संधी मिळेल असं मानू नका. शिक्षणानंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, पण ते महिने भाषा शिकण्यात घालवायचे नसतात.

भाषेच्या पातळ्या ए-वन, ए-टू, बी-वन अशा चढत जातात. नोकरी सांभाळून बी-वनपर्यंत साधारण वर्ष धरा. ऑक्टोबरपर्यंत ए-टू पूर्ण करून, बी-वन सुरू करून निघाली तरी खूप फरक पडेल. चाकणला आहे ना? कंपनीत जर्मन मशिन असतील तर त्यांची मॅन्युअल्स वाचायला सांगा. माझे काही विद्यार्थी तसंच शिकलेत.

प्रतिसाद : वारणेचा बाप

मुलगा तिकडे शिकतोय म्हणून पैशाचं बोलतो. एजन्सी तुम्हाला 'दुसऱ्या वर्षाचा खर्च पार्टटाइममधून निघतो' हेही सांगेल. मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. राहण्याखाण्याचा बराच खर्च निघू शकतो, काम मिळालं तर. पण त्यातून साडेबारा हजारांची फीही भरायची म्हटलं, तर मूल गोदामातच राहील आणि परीक्षा राहतील. केम्निट्झ, माग्डेबुर्ग अशा शहरांत खोलीचं भाडं बर्लिन-म्युनिकपेक्षा बरंच कमी पडतं, हेही बघा.

सरकारी विद्यापीठ मिळालं तर तुमचं कर्ज ३७ लाखांवरून १५ च्या आसपास येतं. मग घर तारण ठेवायचं की नाही हा विचार तरी करता येतो. जुन्या करपद्धतीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं प्राप्तिकरात सूट मिळते. ती कर्ज ज्याच्या नावावर त्याला मिळते, म्हणून कर्ज कुणाच्या नावावर घ्यायचं ते बँकेत सह्या करण्याआधी ठरवा.

एक मात्र सांगतो, खासगी म्हणजे सगळी वाईट नव्हेत. राज्याची मान्यता आहे का हे हॉखशूलकोम्पास या जर्मन विद्यापीठांच्या यादीत बघता येतं. पण मान्यता आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि १ जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारला तर दूतावासाकडे फेरविचाराचा अर्ज करता येत नाही. नवा अर्ज करा, नाहीतर कोर्टात जा. त्यामुळे पहिलाच अर्ज भक्कम हवा.

प्रतिसाद : माळरान

माझ्या पुतण्याचंही अगदी हेच चाललंय. त्याचंही ऑफर लेटर काढून बघतो. धाग्यावर लक्ष ठेवतो.

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ताई, दाजी आणि भाचीला फोनवर बसवून हे सगळं वाचून दाखवलं. हप्ता भरायचा नाही, हे ठरलं. एजन्सीला तसं लेखी कळवतोय. भाची थोडी हिरमुसली होती, एप्रिलला जायचं म्हणून मैत्रिणींना सांगून झालं होतं. पण २.१ चा हिशेब ऐकल्यावर तिने स्वतःच वही काढली आणि विषय लिहायला बसली. शनिवारी कॉलेजात अभ्यासक्रमाच्या प्रतींसाठी जाणार आहे.

मास्तरीणबाई, तिची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे ठरावीक वेळेचा वर्ग जमणार नाही. शिफ्टवाल्यांसाठी रविवारची किंवा ऑनलाइन बॅच चालते का? ए-वनची परीक्षा पुण्यात मॅक्समुल्लर भवनलाच द्यावी का?

राईनकाठचे, बॅकलॉगचं राहिलं. मार्कलिस्टवर तो दिसतो. विषयांच्या जुळणीत तो आड येईल का? आणि कंपनीचं अनुभवपत्र अर्जाला जोडायचं असेल, तर त्यात तिच्या कामाचं नेमकं काय लिहून घ्यावं? पत्र एचआरकडून याच आठवड्यात मागायचं आहे.