मदत हवी आहे : बालगृहातील मुलांच्या ईमेल खात्यांचा प्रश्न कसा सोडवावा?

आम्ही काही महाविद्यालयीन विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून एका बालगृहातील किशोरवयीन अनाथ मुलांना संगणकाचा वापर, ऑनलाइन अर्ज भरणे आणि पैशांचा हिशेब ठेवणे शिकवतो. टायपिंग मुले झटपट आत्मसात करतात. घोडे अडते ते ईमेल खाते उघडताना, कारण पासवर्ड विसरल्यास ओटीपी मिळवण्यासाठी लागणारा स्वतःचा मोबाइल नंबर त्यांच्याकडे नसतो. स्वयंसेवकाचा नंबर देणे सोयीचे असले, तरी तो विद्यार्थी शिक्षण संपवून निघून गेला की खात्याचा ताबाही त्याच्यासोबत जातो, म्हणून मला तो मार्ग पटत नाही. बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना खाते उघडण्यासाठी आधीच मिळवून ठेवायचे सांकेतिक क्रमांक) छापून संस्थेच्या कपाटात ठेवावेत, तर मुलांच्या खासगीपणाचे काय? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क कराराचे १६वे कलम तो हक्क त्यांनाही देतेच.

शिवाय सरावाच्या अर्जात ‘पालकाचे नाव’ हा रकाना आला की एखादा मुलगा माउसवरचा हात काढून घेतो. तो रकाना गाळावा, तर खरा अर्ज भरताना त्याला तो एकट्याने भरावा लागणारच. अशा मुलांसोबत काम केलेल्यांनी, विशेषतः स्वतः संस्थेत वाढलेल्यांनी, या दोन्ही बाबी कशा हाताळाव्यात हे कृपया सविस्तर सांगावे.